खांदा आधी, रॅकेट नंतर : खान्देशातल्या नव्या टेनिसपटूंसाठी बॅकस्विंगचे धडे

नव्या माणसाच्या हातात टेनिसची रॅकेट आली की तो ती जमेल तितकी मागे नेतो. जोरात मारायचं तर लांबून आणायला हवं, असा त्याचा साधा हिशेब असतो. मग चेंडू टप्पा घेऊन अंगावर येतो तेव्हा रॅकेट अजून पाठीमागेच असते, घाईत मनगट फिरतं आणि चेंडू एकतर नेटमध्ये जातो, नाहीतर कुंपणापलीकडे. आमच्याकडचे जुने खेळाडू अशा वेळी अहिराणीत विचारतात, "रॅकेट इतली मांगे कसाले लई जास रे भाऊ?" प्रश्न अगदी नेमका आहे.

बॅकस्विंग म्हणजे फटक्याआधी रॅकेट मागे नेण्याची क्रिया. त्यात सगळा प्रश्न वेळेचा असतो. रॅकेट किती लांब गेली याला फारसं महत्त्व नाही. ती किती लवकर निघाली आणि हाताने निघाली की खांद्याने, यावर पुढचा फटका ठरतो. एवढं ज्याच्या अंगवळणी पडलं त्याचं टेनिस पहिल्या काही महिन्यांतच वेगळं दिसायला लागतं, हे मी कोर्टावर वारंवार पाहत आलो आहे. म्हणून हा लेख मुख्यतः फोरहँडच्या, म्हणजे रॅकेट धरलेल्या हाताच्या बाजूने मारायच्या फटक्याच्या, बॅकस्विंगवर आहे. बाकीच्या फटक्यांना त्यातूनच वाट मिळते. सगळ्या सूचना उजव्या हाताने खेळणाऱ्यांसाठी लिहिल्या आहेत, डावखुऱ्यांनी उजवं-डावं उलटं करून वाचावं.

आधी वेळेचा हिशेब

टेनिस कोर्टाची लांबी २३.७७ मीटर. समोरच्याने ताशी ६० किलोमीटर वेगाने चेंडू मारला, म्हणजे नवशिक्यांच्या खेळातला बऱ्यापैकी जोराचा फटका, तर तो एका बेसलाइनपासून, म्हणजे कोर्टाच्या मागच्या टोकाच्या रेषेपासून, दुसरीपर्यंत यायला साधारण दीड सेकंद लागतो. हवेच्या विरोधामुळे आणि टप्प्यामुळे आणखी थोडा. या दीड सेकंदात चेंडू कुठे येतोय हे ओळखायचं, पाय हलवायचे, रॅकेट मागे न्यायची, खाली आणायची आणि पुढे न्यायची. चेंडू प्रत्यक्ष गटिंगवर, म्हणजे रॅकेटच्या तारांच्या जाळीवर, टेकलेला असतो तो जेमतेम ४ ते ५ मिलिसेकंद (सेकंदाचे हजार भाग केले तर त्यातले चार-पाच). त्या क्षणी काहीही सुधारता येत नाही. चेंडू कुठे जाणार, किती जोरात, किती फिरकी घेऊन, हे सगळं आधीच ठरलेलं असतं.

आता नवशिक्याचा वेळ कुठे जातो ते पाहा. चेंडू नेट ओलांडेपर्यंत तो नुसता बघत राहतो. टप्पा पडल्यावर रॅकेट मागे न्यायला सुरुवात करतो. उरलेल्या वेळेत रॅकेटला मागे जाऊन पुढेही यायचं असतं, आणि ते जमत नाही. त्याला आपला हात हळू आहे असं वाटतं. खरं तर हात पुरेसा चपळ असतो, फक्त तो उशिरा निघालेला असतो.

पायरी पहिली : पकड

बॅकस्विंगच्या लेखात पकड कशाला, असं वाटेल. पण रॅकेट मागे गेल्यावर गटिंग कुठे बघतंय हे पकडीवरच ठरतं.

रॅकेट डाव्या हाताने गळ्याशी, म्हणजे चौकट आणि दांडा जिथे मिळतात तिथे धरा, चौकट जमिनीला काटकोनात उभी ठेवा. उजवा तळवा गटिंगवर सपाट टेकवा. तसाच तो खाली सरकवत दांड्याच्या टोकापर्यंत आणा आणि बोटं मिटा. या पकडीला ईस्टर्न फोरहँड म्हणतात. हिचा मोठा फायदा असा की तळवा जिकडे बघतो तिकडेच गटिंग बघतं, त्यामुळे न बघताही रॅकेट कशी आहे ते हाताला कळतं. आजचे बहुतेक व्यावसायिक खेळाडू हीच पकड दांड्याच्या एका कडेने आणखी फिरवून धरतात, तिला सेमी-वेस्टर्न म्हणतात. तिने चेंडूला वरून फिरकी जास्त देता येते. पण सुरुवातीला ईस्टर्नच बरी.

पकडीचा जोर कमी ठेवा. मूठ आवळली की कोपरापर्यंतचे सगळे स्नायू ताठ होतात आणि रॅकेट झटक्याने मागे जाते. इथल्या उन्हाळ्यात तळहाताला घाम येतो, रॅकेट निसटेल या भीतीने माणूस नकळत मूठ आवळतो. यावर उपाय स्वस्त आहे. दांड्यावर गुंडाळायची पातळ ग्रिप वेळोवेळी बदला आणि खिशात किंवा कुंपणावर एक कोरडा नॅपकिन ठेवा.

पायरी दुसरी : उभं राहणं आणि छोटी उडी

पाय खांद्यांपेक्षा थोडे जास्त फाकवलेले, गुडघे सैल, वजन चवड्यांवर. रॅकेट पोटासमोर, डावा हात तिच्या गळ्याशी. हा डावा हात पुढे फार उपयोगी पडणार आहे, तो खिशात किंवा मांडीवर ठेवू नका.

समोरचा खेळाडू चेंडू मारणार त्या क्षणी एक छोटीशी उडी घ्या. उंच नाही, टाचा जमिनीवरून सुटतील एवढीच. त्याची रॅकेट चेंडूला लागते आणि तुमचे पाय जमिनीला टेकतात, हे जवळपास एकाच वेळी व्हायला हवं. या उडीने पायांत ताण साठतो आणि कुठल्याही बाजूला पहिलं पाऊल पटकन पडतं. ज्यांना रॅकेट मागे न्यायला वेळ पुरत नाही त्यांच्यापैकी अनेकांची अडचण इथेच असते. ते सपाट पायांवर उभे असतात.

पायरी तिसरी : खांद्याचं वळण

हा सगळ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून इथे सावकाश जाऊ.

चेंडू फोरहँडला येतोय हे कळताक्षणी रॅकेट मागे नेऊ नका. कंबरेपासून वरचं सगळं शरीर उजवीकडे वळवा. उजवं पाऊल जागच्या जागी बाहेरच्या बाजूला फिरवा आणि वजन त्याच्यावर येऊ द्या. डावा हात रॅकेटच्या गळ्यावरून सोडू नका. तो तिथेच राहिला तर डावा खांदा आपोआप नेटकडे वळतो, कारण हात रॅकेटला धरून आहे आणि रॅकेट उजवीकडे चालली आहे. हनुवटी डाव्या खांद्याच्या जवळ येते. रॅकेटचं डोकं वर, मनगटापेक्षा उंच.

आता थांबून स्वतःकडे बघा. उजव्या हाताने वेगळं असं काहीच केलेलं नाही, तरी रॅकेट अर्धी मागे गेलेली आहे. बॅकस्विंगचा मोठा वाटा असा धड वळल्यानेच होतो. प्रशिक्षक याला युनिट टर्न म्हणतात, कारण खांदे, दोन्ही हात आणि रॅकेट एकत्र वळतात.

हे इतकं महत्त्वाचं का, तर फटक्यातला जोर दंडातून येत नाही. तो जमिनीपासून निघतो. पाय जमिनीला रेटतात, कंबर फिरते, मग धड, मग खांदा, मग हात आणि शेवटी रॅकेट. प्रत्येक टप्प्यावर वेग वाढत जातो. धड वळलेलंच नसेल तर उलटं फिरायला काही शिल्लक राहत नाही आणि सगळं ओझं एकट्या हातावर येतं. दमदार दंडाचा तरुण आणि बारीक चणीची शाळकरी मुलगी एकाच कोर्टावर खेळत असतात आणि चेंडू मुलीच्या रॅकेटवरून जास्त वेगाने निघतो, असं जेव्हा दिसतं तेव्हा तिच्या खांद्यांकडे बघावं.

वळण कधी पूर्ण व्हायला हवं? चेंडू नेट ओलांडतो तेव्हा. ही एकच खूण मनात ठेवली तरी पुरे. सरावात जोडीदाराला फक्त एवढंच बघायला सांगा, चेंडू नेटवरून जाताना तुमचा डावा खांदा त्याला दिसतो की पूर्ण छाती. छाती दिसत असेल तर उशीर झालाय. बाकी फटका कसा गेला याची चर्चा त्या दिवशी करूच नका.

चेंडू लांब पडणार असेल तर पळावं लागतं. तेव्हाही क्रम तोच, आधी वळा आणि मग पळा. पण पळताना रॅकेट पाठीमागे लांबवून धरू नका. हात मागे ताणून कोणालाच नीट पळता येत नाही. पहिली एक-दोन पावलं रॅकेट अंगाजवळ ठेवा, शेवटच्या छोट्या पावलांत तिला मागे जाऊ द्या.

हे अंगात भिनवायला रॅकेटसुद्धा लागत नाही. जोडीदार पाच-सहा पावलांवरून हाताने चेंडू टाकेल. तुम्ही खांदे वळवून, तो टप्पा घेऊन आल्यावर उजव्या कुशीच्या बाजूला दोन्ही हातांनी झेला. दोन्ही हात तिथपर्यंत न्यायचे तर धड वळवावंच लागतं. लहान मुलांना हा खेळ फार आवडतो आणि बॅकस्विंग हा शब्दही न ऐकता ती तो शिकून जातात. आई-बाबांनी घराच्या अंगणात हे रोज थोडा वेळ घ्यावं.

पायरी चौथी : रॅकेट कुठपर्यंत

धड वळलं की डावा हात रॅकेट सोडतो आणि साइडलाइनच्या दिशेने, छातीसमोर आडवा लांब होतो. याने तोल राहतो आणि खांदे अजून थोडे वळतात. उजवं कोपर अंगापासून सुटं होऊन किंचित मागे जातं. रॅकेटचं टोक वर असतं, मग पाठीमागच्या कुंपणाकडे झुकतं.

तिथेच थांबायचं. रॅकेट थेट मागच्या कुंपणाकडे बोट दाखवते, हीच नव्या खेळाडूची हद्द. त्यापुढे ती पाठीमागून डाव्या बाजूला डोकावायला लागली की लांबी जास्त झाली. दुसरी खूण, तुमची उजवी मूठ डोळ्यांच्या कोपऱ्यातून अंधुक तरी दिसली पाहिजे. पूर्ण दिसेनाशी झाली तर ती खांद्यांच्या रेषेमागे गेली आहे.

गटिंगचं तोंड बाजूच्या कुंपणाकडे किंवा किंचित जमिनीकडे असावं. आकाशाकडे असेल तर पुढे येताना ते सरळ करण्यासाठी मनगटाला काम करावं लागेल, आणि चेंडू आज कोर्टात तर उद्या शेजारच्या मैदानात जाईल.

मोठा बॅकस्विंग असलेले थोर खेळाडू आहेत, हे खरं. पण त्यांचे पाय, नजर आणि वर्षानुवर्षांचा सराव त्यामागे असतो. नव्याने शिकताना डोळ्यांसमोर आंद्रे अगासीला ठेवा. तो बेसलाइनवर उभा राहून चेंडू टप्प्यातून वर येत असतानाच मारायचा आणि त्याचा बॅकस्विंग आटोपशीर होता. १९९२ च्या विम्बल्डन अंतिम सामन्यात समोर गोरान इव्हानिसेविचसारखा तुफानी सर्व्हिस करणारा होता, मैदान वेगवान हिरवळीचं होतं, आणि तरी अगासी जिंकला. ज्याच्याकडे वेळ सर्वांत कमी होता त्याने रॅकेट कमी मागे नेली.

पायरी पाचवी : खाली येणं आणि न थांबणं

रॅकेट वरून मागे गेली, आता ती चेंडूच्या उंचीखाली उतरायला हवी, म्हणजे खालून वर जाऊन चेंडूला नेटवरून उचलता येईल. नेट मध्यभागी ९१.४ सेंटिमीटर आणि खांबांपाशी १.०७ मीटर उंच असतं. सरळ आडव्या फटक्याला तिथे फारशी जागा मिळत नाही.

वर, मागे, खाली, पुढे, हा सगळा प्रवास एक सलग वळसा आहे. आखाजीला लिंबाला बांधलेला झोका आठवा. मागच्या टोकाला तो पळभर हलका होतो आणि स्वतःच्याच वजनाने परत निघतो, तिथे कोणी त्याला धरून ठेवत नाही. रॅकेटही तशीच सोडायची असते. काही जण रॅकेट लवकर मागे नेतात हे चांगलं, पण मग ती मागे धरून पुतळ्यासारखे उभे राहतात. ताणलेल्या स्नायूंतला जोर त्या थांबण्यात विरून जातो आणि फटका पुन्हा शून्यातून सुरू करावा लागतो. त्यामुळे लवकर व्हायचं ते वळण. हाताचा वळसा मात्र चेंडूच्या चालीने घ्यायचा. चेंडू हळू येत असेल तर वळसा संथ आणि थोडा मोठा, वेगात येत असेल तर लहान.

चेंडूचा टप्पा पडतो त्या सुमारास रॅकेट खाली उतरायला लागली पाहिजे. यासाठी तोंडाने बोलत खेळा. चेंडू जमिनीला लागला की "टप्पा", रॅकेटला लागला की "मार". सुरुवातीला लाज वाटेल, पण चारचौघांत मोठ्याने म्हणा. दोन शब्द नियमित अंतराने येऊ लागले की हाताची लय आपोआप बसते. सेकंदांचे हिशेब डोक्यात ठेवून कोणाची लय बसत नाही.

गोल्फमध्ये याच गोष्टीचा दुसरा चेहरा दिसतो. तिथे चेंडू निश्चल असतो, त्यामुळे खेळाडू स्वतःच्या मर्जीने मागे जातो. चांगल्या गोल्फपटूंचा मागे जाण्याचा वेळ खाली येण्याच्या वेळेच्या साधारण तिप्पट असतो. अशी निवांत सवलत असूनही लांबीबाबत तिथे एकमत नाही. जॉन डेलीचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी, डोक्यावरून पार जमिनीकडे झुकायचा आणि तो १९९१ ची पीजीए स्पर्धा जिंकला. जॉन रामचा बॅकस्विंग आखूड आहे, आणि त्याने २०२१ मध्ये यूएस ओपन आणि २०२३ मध्ये मास्टर्स जिंकली. दोघांतही सुरुवात खांद्यांच्या वळणाने होते. थांबलेल्या चेंडूला मारतानाही आखूड बॅकस्विंग पुरत असेल, तर पळत्या चेंडूसाठी तो का पुरणार नाही?

क्रिकेटमधून येणाऱ्यांसाठी

खान्देशात क्रिकेट गल्लोगल्ली आहे आणि टेनिस मोजक्या ठिकाणी. त्यामुळे आमच्याकडे टेनिसला येणारा जवळपास प्रत्येक मुलगा टेनिस बॉलवरचं क्रिकेट खेळून आलेला असतो. त्याची नजर तयार असते, चेंडूची भीती नसते, अंगात जोर असतो. ही मोठी शिदोरी आहे आणि ती टाकून द्यायला मी कधीच सांगणार नाही. फक्त तीन सवयी वेगळ्या कराव्या लागतात.

पहिली सवय उचलण्याची. बॅट मागे स्टंपांच्या दिशेने किंवा स्लिपकडे वर उचलली जाते. डॉन ब्रॅडमनसुद्धा बॅट सरळ मागे न नेता स्लिपच्या दिशेने उचलायचे. पण दोन्ही प्रकारांत हात अंगाजवळ राहतात, कारण क्रिकेटचा चेंडू पायांजवळ खेळला जातो. टेनिसमध्ये चेंडू कंबरेच्या उंचीला, अंगापासून हातभर लांब आणि शरीराच्या पुढे मारायचा असतो. कोपर बरगडीला चिकटलं तर तिथपर्यंत पोचता येत नाही. डाव्या हाताचा आडवा लांबपणा इथे कामी येतो, तो चेंडूचं अंतर मोजून देतो.

दुसरी सवय उशिरा खेळण्याची. क्रिकेटमध्ये चेंडू डोळ्यांखाली येऊ देणं हा गुण आहे. टेनिसमध्ये तोच चेंडू मागे पडलेला असतो.

तिसरी आणि सगळ्यांत चिवट सवय मनगटाची. हलक्या टेनिस बॉलवर षटकार मारताना शेवटच्या क्षणी मनगट जोरात फिरवावं लागतं. टेनिसमध्ये मनगट बॅकस्विंगच्या शेवटी किंचित मागे वाकलेलं असतं आणि चेंडू लागेपर्यंत जवळपास तसंच राहतं. ते सैल असतं, पण मुद्दाम झटका देत नाही. ही सवय मोडायला छोट्या कोर्टावर खेळणं हा मला दिसलेला सर्वांत चांगला उपाय आहे. दोघांनी आपापल्या सर्व्हिस लाइनच्या आत उभं राहायचं, नेटपासून ती लाइन ६.४० मीटरवर असते, आणि सर्व्हिसच्या चौकोनांतच चेंडू टप्प्यांवर खेळायचा. इथे षटकारी मनगट चालतच नाही.

बॅकहँड

बॅकहँड म्हणजे फोरहँडच्या उलट बाजूने मारायचा फटका. दोन हातांचा बॅकहँड नव्या खेळाडूला सोपा जातो, कारण दोन्ही हात रॅकेटवर असले की धड वळवल्याशिवाय रॅकेट मागे जाऊच शकत नाही. डावीकडे वळा, उजवा खांदा नेटकडे, दोन्ही मुठी डाव्या खिशाच्या आसपास. वरून मोठा वळसा घेण्याची गरज नाही. डाव्या हाताला मुख्य काम करू द्या, जणू डाव्या हाताचा फोरहँड मारताय.

एका हाताचा बॅकहँड शिकायचा असेल तर डावा हात रॅकेटच्या गळ्याशी शक्य तितका उशिरापर्यंत राहू द्या. उशिरा वळून, कोपर पुढे काढून आणि मनगटाच्या जोरावर मारलेला एकहाती बॅकहँड हे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या दुखण्याचं एक ठरलेलं कारण आहे. टेनिस एल्बो म्हणतात ते हेच. दुखायला लागलं तर बाम चोळून खेळत राहू नका. थांबा, डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा, आणि परत आल्यावर पहिल्यांदा वळणाची वेळ तपासा.

जिथे बॅकस्विंग कापायचा

नेटजवळच्या व्हॉलीला, म्हणजे टप्पा पडायच्या आत मारलेल्या फटक्याला, बॅकस्विंग जवळजवळ नसतोच. खांदे थोडे वळतात, रॅकेट खांद्याच्या रेषेपुढेच राहते, पाऊल पुढे पडतं. लिअँडर पेसच्या जुन्या सामन्यांच्या चित्रफिती बघा. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये एकेरीचं कांस्यपदक मिळवणारा आणि पुढे दुहेरीत व मिश्र दुहेरीत मिळून १८ ग्रँड स्लॅम जिंकणारा हा खेळाडू नेटपाशी हात किती कमी मागे नेतो ते नजरेत भरतं.

सर्व्हिस परतवताना अर्धा बॅकस्विंग. वळण पूर्ण, हाताचा वळसा अगदी छोटा. समोरच्याच्या सर्व्हिसचा वेग वापरायचा, आपला घालायचा नाही. दुहेरीचे सामने हे शिकायला उत्तम. ऋतुजा भोसले आणि रोहन बोपण्णा या जोडीने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत २०२३ मध्ये मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक मिळवलं. आपल्या महाराष्ट्राची मुलगी त्या जोडीत आहे, तेव्हा मुलांना तिचा खेळ जरूर दाखवा.

आपल्या स्वतःच्या सर्व्हिसची गोष्ट निराळी आहे. तिथे चेंडू आपल्याच हातात असतो, वेळही आपला. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

सराव कुठे आणि कसा

कोर्ट मिळत नसेल तर भिंत शोधा. गुळगुळीत, खिडक्या नसलेली, समोर सपाट जमीन असलेली. भिंतीपासून सहा-सात मीटरवर उभे राहा. भिंत चेंडू फार लवकर परत देते, त्यामुळे मोठा बॅकस्विंग तिथे टिकतच नाही. सुरुवातीला दोन टप्पे पडू द्या. जोर वाढवायचा मोह होईल, तो आवरा. वेग वाढला की वळण सुटतं आणि नुसता हात चालायला लागतो.

लांबी तपासायला जाळीच्या कुंपणाला किंवा दोरीला एक गोणपाट टांगा. त्याच्याकडे पाठ करून साधारण एक हात पुढे उभे राहा आणि चेंडूशिवाय सावकाश बॅकस्विंग करा. रॅकेटचं टोक गोणपाटाला हलकंसं लागलं तर ठीक. मोठा आवाज करून आपटलं किंवा त्यात गुंतलं तर हात जास्त मागे गेला. पक्क्या भिंतीशी हे करू नका, रॅकेटची चौकट फुटते.

फोनमधल्या स्लो मोशनचा भरपूर उपयोग करा. फोन कुंपणाला टेकवून कंबरेच्या उंचीवर, एकदा पाठीमागून आणि एकदा उजव्या बाजूने चित्रण घ्या. बघताना फक्त दोन चौकटी थांबवा, चेंडू नेटवर असतानाची आणि टप्पा पडतानाची. पहिलीत खांदा वळलेला हवा, दुसरीत रॅकेट खाली निघालेली हवी.

दहा वर्षांखालच्या मुलांना पूर्ण वजनाचा चेंडू आणि मोठी रॅकेट देऊ नका. लाल चेंडू नेहमीच्या चेंडूपेक्षा सुमारे ७५ टक्के संथ असतो, नारिंगी ५० टक्के आणि हिरव्या ठिपक्याचा २५ टक्के. संथ चेंडूवर मुलाला वळायला वेळ मिळतो, आणि वेळेवर वळण्याची सवय लागली की ती टिकते. रॅकेट उंचीप्रमाणे २१, २३, २५ किंवा २६ इंचांची घ्या. "पुढे वापरता येईल" म्हणून २७ इंची घेतलेली रॅकेट मुलाचा हात मागे ओढते आणि त्याचा बॅकस्विंग बिघडवते. मोठ्यांनी सुरुवातीला २६० ते २८५ ग्रॅमच्या आसपासची रॅकेट घ्यावी.

ऊन आणि वारा

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या उन्हात खेळण्याचा हट्ट कोणी करू नये, सकाळी लवकर यावं आणि आठच्या आत आवरावं. संध्याकाळी आलात तर एक गोष्ट ध्यानात घ्या. सिमेंटचं कोर्ट दिवसभर तापलेलं असतं, चेंडूतली हवाही तापून दाब वाढतो, आणि चेंडू सकाळपेक्षा जास्त उसळतो. सकाळी जो बॅकस्विंग नीट बसत होता तो संध्याकाळी उशिराचा ठरतो. अशा वेळी अर्धं पाऊल मागे उभे राहा आणि हाताचा वळसा थोडा उंच ठेवा. डिसेंबर-जानेवारीच्या गारठ्यात उलटं होतं. चेंडू मरगळलेला येतो, खाली राहतो, तेव्हा गुडघे जास्त वाकवून रॅकेट खालून आणावी लागते.

वाऱ्याबद्दल धुळे जिल्ह्यातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच उभ्या नाहीत. वारा असला की चेंडू शेवटच्या क्षणी सरकतो, आणि लांब बॅकस्विंग एकदा निघाला की त्याला वळवता येत नाही. म्हणून वाऱ्याच्या दिवशी वळण नेहमीसारखं, हाताचा वळसा निम्मा आणि पायांची छोटी पावलं जास्त. वारा पाठीवर असेल तर चेंडू तुमच्यापर्यंत येता येता अडखळतो, पुढे सरकायची तयारी ठेवा. वारा तोंडावर असेल तर तो अंगावर धावून येतो, तेव्हा वळण आणखी लवकर.

जून-जुलैमध्ये उघडी कोर्टं ओली राहतात. शेवाळलेल्या सिमेंटवर पाय घसरला तर गुडघ्याचं दुखणं वर्षभर पुरतं, त्यामुळे तिथे पळू नका. घरातल्या आरशासमोर रॅकेट घेऊन छोटी उडी, वळण, वळसा, उतार असा क्रम सावकाश करा, आधी फोरहँडचे वीस आणि मग बॅकहँडचे वीस. दर पाचव्या वेळी वळण पूर्ण झालं की थांबा आणि आरशात तीनच गोष्टी बघा: डावा खांदा (बॅकहँडला उजवा) समोर आहे का, डावा हात अजून रॅकेटवर आहे का, आणि रॅकेटचं डोकं मनगटाच्या वर आहे का.